गेमिंग कन्सोल आणि दिवाणखान्यातील मिलिसेकंदांचा हिशेब

नाशिकच्या कॉलेज रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गेमिंग कन्सोलची चौकशी करायला आलेल्या कुटुंबांमध्ये एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. निव्वळ खेळासाठी पन्नास हजार रुपये मोजणे वडीलधाऱ्यांना पटत नाही, तेव्हा मुले सांगतात की हा डबा केवळ खेळाचा नाही; त्यावर चित्रपट दिसतील, क्रिकेटचे सामने दिसतील, आजीच्या मालिकाही दिसतील आणि सेट-टॉप बॉक्स व स्ट्रीमिंग स्टिक (इंटरनेटवरील कार्यक्रम दाखवण्यासाठी टीव्हीला लावायचे छोटे उपकरण) या दोन्हींची गरज संपेल. नवा कन्सोल येणार अशी चर्चा सुरू झाली की जगभर हाच वाद नव्याने रंगतो: कन्सोलने घराच्या करमणुकीचे केंद्र व्हावे, की त्याने खेळापुरतेच राहावे? हा वाद बहुधा किमतीवर आणि अ‍ॅपच्या यादीवर घातला जातो. माझ्या मते तो मुळात काळाच्या हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब शाळेतल्या गणिताने समजण्याइतका सोपा आहे.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. सोनीचा प्लेस्टेशन २ हा कन्सोल २००० साली आला तेव्हा तो डीव्हीडीही दाखवत असे, आणि अनेक घरांत तोच पहिला डीव्हीडी प्लेयर ठरला. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ ने ब्लू-रे डिस्क घरोघरी नेली. मायक्रोसॉफ्टने २१ मे २०१३ रोजी एक्सबॉक्स वन जाहीर केला, तेव्हा त्या कार्यक्रमात टीव्ही पाहण्याच्या सोयीला खेळांइतकेच महत्त्व दिले होते. सेट-टॉप बॉक्सची केबल थेट कन्सोलमध्ये घालायची आणि सगळे चित्र कन्सोलमार्फत टीव्हीवर न्यायचे, अशी ती योजना होती. तो कन्सोल ४९९ डॉलरला आणि प्रतिस्पर्धी प्लेस्टेशन ४ हा ३९९ डॉलरला बाजारात आला. विक्रीत प्लेस्टेशन ४ फार पुढे गेला. त्याला किमतीसह अनेक कारणे होती, परंतु 'केंद्र' होण्याच्या त्या विशिष्ट पद्धतीतला तांत्रिक दोष समजून घेण्यासारखा आहे.

पडद्याच्या दृष्टीने चित्रपट आणि खेळ यांत काहीच फरक नाही. दोन्ही म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे, म्हणजेच फ्रेम. फरक आहे तो पुढची फ्रेम आधीच तयार आहे की नाही, यात. चित्रपटाचा शेवट केव्हाच चित्रित झालेला असतो, त्यामुळे तो पुढून थोडा साठवून ठेवता येतो. गंगापूर धरणाचे पाणी नळाला ठरावीक वेळीच येते, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरातील नळ दिवसभर चालू राहतो. इंटरनेटवरील चित्रपटाचे नेमके तसेच असते. काही सेकंदांचा साठा, ज्याला बफर म्हणतात, हाताशी असला की मधली खंडितता प्रेक्षकाला जाणवत नाही. खेळाला अशी टाकी बांधताच येत नाही, कारण त्याची पुढची फ्रेम खेळाडूच्या अंगठ्यावर अवलंबून असते आणि अंगठा अजून हललेला नसतो.

चित्रपटाचे तंत्रज्ञान या साठवणुकीचा किती खोलवर उपयोग करून घेते, हे मला आधुनिक अभियांत्रिकीतील सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते. चित्रफीत लहान करताना प्रत्येक फ्रेम संपूर्ण पाठवली जात नाही. काही फ्रेम पूर्ण असतात, त्यांना आय-फ्रेम म्हणतात. काहींत आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच असते, त्या पी-फ्रेम. आणि बी-फ्रेम या प्रकारात आधीच्या व नंतरच्या अशा दोन्ही फ्रेमचा आधार घेतलेला असतो. समजा, पडद्यावर दिसण्याचा क्रम आय, बी, बी, पी असा आहे. मधल्या दोन बी-फ्रेम उलगडायच्या तर चौथी पी-फ्रेम आधी हातात हवी, म्हणून पाठवण्याचा क्रम आय, पी, बी, बी असा केला जातो. एखादा माणूस भिंतीसमोरून चालत जातो, तेव्हा त्याच्यामागे झाकलेली भिंत आधीच्या फ्रेममध्ये नसते, परंतु नंतरच्या फ्रेममध्ये असते. तिथून ती उचलली की माहिती वाचते. भविष्यकाळ वापरून वर्तमान दाखवण्याची ही युक्ती आहे, आणि तिची किंमत म्हणजे थांबणे.

टीव्हीदेखील हेच करतो. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने चित्रित होतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये सुमारे ४१.७ मिलिसेकंदांचे (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) अंतर असते. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून अनेक टीव्ही दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतः रचलेल्या फ्रेम घालतात. मधली फ्रेम रचायची तर पुढची खरी फ्रेम येईपर्यंत वाट पाहणे अटळ आहे; म्हणजे ४१.७ मिलिसेकंदांचा उशीर इथेच झाला, गणिताला लागणारा वेळ वेगळा. चित्रपट पाहताना हे कळतही नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच मागे ठेवतो.

आता खेळाकडे पाहू. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या खेळात एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. कंट्रोलरचे बटण दाबल्याचा संदेश बिनतारी मार्गाने कन्सोलपर्यंत पोहोचायला काही मिलिसेकंद लागतात. मग एका फ्रेमच्या काळात खेळातील जगाचा हिशेब होतो, दुसऱ्या फ्रेमच्या काळात ग्राफिक्स चिप चित्र काढते आणि तिसऱ्या फ्रेमच्या काळात ते चित्र ओळीओळीने पडद्याकडे जाते. अशा साखळीत ५० मिलिसेकंद सहज खर्च होतात. याच्यावर टीव्हीच्या सुशोभीकरणाने, म्हणजे मधल्या फ्रेम रचण्यासारख्या कामांनी, आणखी ५० ते १०० मिलिसेकंद घातले की क्रिकेटच्या खेळात चेंडू यष्टीवर आदळून जातो आणि मग बॅट फिरते.

यावर एक शंका रास्त आहे. डोळ्यांना काही दिसल्यावर हात हलायला माणसाला सुमारे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. मग त्यात ८० मिलिसेकंदांची भर पडली तर एवढे काय बिघडते? याचे उत्तर असे की खेळाडू प्रत्येक वेळी अचानक दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद देत नसतो. तो पुढे काय होणार याचा अंदाज बांधून कृतीची वेळ साधत असतो, आणि या साधण्यातील अचूकता प्रतिक्रियेच्या काळापेक्षा कितीतरी सूक्ष्म असते. उशीर नेहमी सारखाच असेल तर मेंदू त्याच्याशी बऱ्याच अंशी जुळवूनही घेतो. तोच उशीर क्षणाक्षणाला बदलू लागला, तर मात्र त्याला शिकण्यासाठी काहीच स्थिर उरत नाही.

कन्सोल टीव्हीला जोडणारी, सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल घेतल्यास हा उशीर कमी होतो, असा समज बाजारात जाणीवपूर्वक पसरवला जातो, त्याचा इथेच निकाल लावला पाहिजे. केबलमधून विद्युत-संकेत एक मीटर अंतर सुमारे ५ नॅनोसेकंदांत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) कापतो, म्हणजे तीन मीटरच्या केबलमध्ये १५ नॅनोसेकंद जातात. एका फ्रेमचा काळ याच्या दहा लाखपटीहून अधिक आहे. संकेत व्यवस्थित पोहोचवणारी साधी केबल पुरेशी असते आणि अशा दाव्यांवर एक रुपयाही अधिक खर्च करू नये.

एक्सबॉक्स वनच्या योजनेतील दोष आता स्पष्ट होईल. सेट-टॉप बॉक्सचे चित्र कन्सोलमधून जाऊ लागले की साखळीत एक कडी वाढते आणि टीव्ही पाहण्यासाठीही कन्सोल चालू ठेवावा लागतो. त्याहून गंभीर अडचण वारंवारतेची होती. युरोपात आणि आपल्याकडे टीव्हीचे प्रक्षेपण ५० हर्ट्झचे असते, तर तो कन्सोल सुरुवातीला ६० हर्ट्झनेच चित्र पाठवत असे. सेकंदाला ५० वेळा येणारे चित्र ६० वेळा दाखवायचे तर दर पाचव्या चित्राची पुनरावृत्ती करावी लागते, आणि सरकत्या दृश्यात ती अडखळण्याच्या रूपाने दिसते. मैदानावरून फिरणाऱ्या कॅमेऱ्यात ती सर्वाधिक खुपते. पुढे ५० हर्ट्झची सोय देण्यात आली. २०२० मधील एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये मात्र बाहेरचे चित्र आत घेणारे एचडीएमआयचे ते द्वारच ठेवलेले नाही.

विजेचा हिशेबही करायला हवा. स्ट्रीमिंग स्टिकला साधारण ३ वॉट लागतात. प्लेस्टेशन ५ सारखा कन्सोल खेळताना २०० वॉटच्या आसपास आणि चित्रपट दाखवताना ५० वॉट किंवा थोडी अधिक शक्ती घेतो. चित्रपट उलगडणारे परिपथ अगदी छोटे असतात, परंतु त्यांच्यासाठी खेळाकरिता घडवलेली प्रचंड चिप आणि वेगवान स्मृती जागी ठेवावी लागते. रोज तीन तास पाहिल्यास वर्षाला स्टिकचे सव्वातीन युनिट होतात आणि कन्सोलचे जवळजवळ ५५. एकलहरे येथील औष्णिक केंद्राच्या चिमण्या ज्या शहराला रोज दिसतात, त्या शहरात हा फरक कोळशाच्या रूपात मोजणे अवघड नाही: युनिटला पाऊण किलोच्या आसपास कोळसा धरला तरी तो वर्षाला ३५ ते ४० किलो भरतो.

म्हणून माझे मत असे की कन्सोलवर चित्रपटाची सोय अवश्य असावी, डिस्क लावण्याची सोय असेल तर उत्तमच. परंतु इतर उपकरणांचे चित्र त्याच्यामार्फत जाऊ नये. सेट-टॉप बॉक्स, स्टिक आणि कन्सोल यांच्या केबल टीव्हीला वेगवेगळ्या लावाव्यात, आणि रोजच्या मालिका स्टिकवरच पाहाव्यात. चित्रपट आणि खेळ यांची एका पडद्यावर सांगड घालण्याचे काम एचडीएमआय २.१ मधील 'ऑटो लो लेटन्सी मोड' ही छोटीशी सोय करते. खेळ सुरू होताच कन्सोल टीव्हीला तसा संदेश पाठवतो, टीव्ही सुशोभीकरण बंद करून आपला उशीर अनेकदा २० मिलिसेकंदांच्या आत आणतो, आणि चित्रपटाचे अ‍ॅप उघडताच संदेश मागे घेतला जाऊन टीव्ही पुन्हा सावकाश काम करू लागतो. दुकानात नवा कन्सोल पाहताना अ‍ॅपच्या यादीआधी या सोयीची चौकशी करावी, आपल्या टीव्हीतही ती आहे का ते तपासावे, आणि ती नसेल तर खेळायला बसण्यापूर्वी टीव्हीचा गेम मोड रिमोटने स्वतः चालू करावा.