पार्श्वभूमी : हौशी बीबीएस आणि १५ लाखांचा परवाना

बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टिम, फोनवरून आपला संगणक जोडून निरोप वाचायचा-लिहायचा संगणकावरचा फलक, थोडक्यात ‘बोर्ड’. त्याचा जन्म शिकागोतला, फेब्रुवारी १९७८ मधला. १९८४ मध्ये फिडोनेट हे अशा बोर्डांना जोडणारं जाळं आलं आणि एका शहरातल्या बोर्डावरचा निरोप रातोरात फोनवरून दुसऱ्या शहरातल्या बोर्डावर पोचू लागला. आपल्याकडे ही हौस रुजली ती १९९० नंतरच्या काही वर्षांत, मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत. घरातला एक संगणक, त्याला फोनलाइनशी जोडणारा एक मोडेम आणि वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेली एकुलती एक फोनलाइन. एक जण आत असला की दुसऱ्याला एंगेज टोन. लाइनमध्ये खरखर झाली की मजकुरातच महिरपी कंसांची रांग उमटे. सरावलेली मंडळी सगळे निरोप एका गठ्ठ्यात उतरवून घेत, फोन ठेवत, निवांत वाचून उत्तरं लिहीत आणि पुन्हा डायल करून ती चढवत. कित्येक बोर्ड फुकट चालत, विजेचं आणि फोनचं बिल सिसॉपच्या, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्याच्या, खिशातून जाई.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दूरसंचार खात्यानं याच मंडळींकडून परवाना मागितला. शुल्क वर्षाला १५ लाख रुपये! आधार १८८५ च्या तार कायद्याचा. संदेशवहनावर केंद्र सरकारचा एकाधिकार, तेव्हा इतर कुणी ते करायचं तर परवानगी हवी. हे मला आजही पटत नाही. लाइन सरकारी, भाडंही सरकारी यंत्रणेला, शिवाय फोन करणारा कॉलचे पैसे वेगळे मोजणार. सिसॉप कुठेही तारा ओढत नव्हता. त्याचं यंत्र आलेले निरोप फक्त साठवून ठेवत होतं. शंभर सभासदांत वाटले तरी माणशी १५ हजार रुपये होतात. बड्या कंपनीला हा खर्च झेपला असता, पण एका लाइनीवर बोर्ड चालवणाऱ्या हौशी माणसालाही तेच माप लावलं गेलं. विरोध करणाऱ्यांनी हा प्रश्न पैशांपुरता ठेवला नाही, तो अभिव्यक्तीच्या हक्काचा म्हणून मांडला. ती मांडणी काळाच्या पुढची होती, आणि तिची आठवण आज फारशी कुणी काढत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी सरकारी कंपनीनं इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं आणि बोर्डांवरची वर्दळ तिकडे वळत गेली. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांनाही इंटरनेट पुरवायची मुभा मिळाली. त्यांना परवाना शुल्क पहिली पाच वर्षं माफ होतं, त्यापुढे वर्षाला १ रुपया.