पोटातल्या बॅक्टेरियाला तुमचे पूर्वज माहीत असतात

ज्यांची कधी एंडोस्कोपी झालीय त्यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव ऐकलं असेल, डॉक्टर नुसतं एच पायलोरी म्हणतात. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या जठरात हा असतो. तिथल्या ॲसिडमध्ये काही टिकणं अवघड, पण हा युरियापासून अमोनिया बनवतो, आजूबाजूचं ॲसिड मारतो आणि आतल्या चिकट थरात जाऊन बसतो, आणि औषधं घेतली नाहीत तर बहुतेक वेळा आयुष्यभर तिथेच. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो लॅबमध्ये वाढवला, अल्सरशी त्याचा संबंध दाखवला आणि 2005 चं नोबेल मिळवलं.

मला मात्र त्याचा डीएनए जास्त भारी वाटतो.

हा सर्दीसारखा दिसेल त्याला लागत नाही. बहुतेकांना लहानपणीच लागतो, तोही घरातल्याच कुणाकडून, बऱ्याचदा आईकडून, म्हणजे आजीच्या पोटातला आईकडे आणि आईचा लेकराकडे अशी साखळी हजारो वर्षं चालू आहे. त्यात हा बदलतोही भराभर, एकाच पोटात दोन स्ट्रेन, म्हणजे ह्याच बॅक्टेरियाचे दोन उपप्रकार, भेटले की डीएनएचे तुकडे एकमेकांकडून उचलतात. त्यामुळे माणसं जिथे जिथे वेगळी झाली तिथे त्यांचा बॅक्टेरियाही वेगळा होत गेला, आणि आपल्या जीन्समध्ये जो फरक दिसायलाही मुश्किल तो ह्याच्यात स्पष्ट दिसतो.

लडाखचंच बघा. तिथल्या बौद्ध आणि मुस्लिम लोकांचे नमुने तपासले, 2004 मध्ये रिझल्ट आले, तर माणसांच्या डीएनएच्या चाचण्यांत दोन समाज जेमतेम वेगळे दिसत होते आणि पोटातल्या बॅक्टेरियात मात्र फरक सरळ दिसत होता. शेजारी राहूनही!

2007 मध्ये तर जगभरचे नमुने घेऊन असं दिसलं की पूर्व आफ्रिकेपासून जितकं लांब जावं तितकी ह्याची विविधता कमी होत जाते, अगदी माणसांच्या जीन्ससारखीच, आणि हिशोब लावला तर हा आपल्यासोबत सुमारे 58,000 वर्षांपूर्वी आफ्रिकेबाहेर पडला असं निघालं. ऑस्ट्रेलियाचे आदिवासी आणि न्यू गिनीतले लोक यांच्यात एक वेगळाच गट सापडतो, आणि न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, पोटातल्या स्ट्रेनचा माग काढत गेलं की तैवानला पोचतो. आल्प्सच्या बर्फात सापडलेला 5,300 वर्षांपूर्वीच्या माणसाचा गोठलेला देह, म्हणजे ओत्झी, त्याच्या जठरातूनही हा बॅक्टेरिया मिळाला, 2016 मध्ये त्या बॅक्टेरियाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला. आजच्या युरोपातला स्ट्रेन आशियाई आणि आफ्रिकी अशा दोन मुळांचं मिश्रण आहे, पण ओत्झीचा जवळजवळ पूर्ण आशियाई निघाला, आज दक्षिण आशियात मिळतो त्याच्या जवळचा. म्हणजे ते मिश्रण बरंचसं त्याच्यानंतर झालं असावं. एका माणसाच्या पोटावरून एवढं कळतं.

आता ह्याचा तब्येतीशी काय संबंध, तर आहे, आणि मोठा आहे. 1994 पासून एच पायलोरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत आहे, पण इन्फेक्शन झालेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही. मग कुणाला होतो? एक कारण म्हणजे कॅगए नावाचं प्रोटीन, जे हा आपल्या पेशींमध्ये टोचतो. पूर्व आशियाई स्ट्रेनमधलं कॅगए पेशीतल्या यंत्रणेला जास्त घट्ट चिकटतं आणि जास्त त्रासदायक असतं.

पण कोलंबियातलं उदाहरण त्याहून विचार करायला लावणारं आहे. किनाऱ्यावरचं तुमाको आणि डोंगरातलं तुकेरेस, दोन्हीकडे इन्फेक्शन जवळपास सगळ्यांना, तरी डोंगरात जठराचा कॅन्सर साधारण 25 पट जास्त. किनाऱ्यावरची माणसं मुख्यतः आफ्रिकी वंशाची, त्यांच्यातल्या बॅक्टेरियातही आफ्रिकी अंश भरपूर. डोंगरातले लोक मुख्यतः मूळ अमेरिकी वंशाचे, पण पोटातला स्ट्रेन बराचसा युरोपातून आलेला, आणि युरोपातल्या स्ट्रेनमध्ये आफ्रिकी मूळही असतं हे वर आलंच. 2014 मध्ये दोघांचे जीनोम एकत्र ठेवून पाहिले तेव्हा कळलं की नुसता माणूस किंवा नुसता बॅक्टेरिया बघून जठरातल्या जखमेची तीव्रता नीट समजत नाही, जोडी बघावी लागते. आफ्रिकी वंशाचा अंश कमी असलेल्या माणसात आफ्रिकी अंशाचा बॅक्टेरिया गेला की नुकसान जास्त, आणि दोघांचं मूळ जुळलं की तेच इन्फेक्शन बरंच सौम्य.