डिकीतले लिटर आणि बॅगेतले लिटर

माहितीपत्रकात डिकी लिटरमध्ये मोजलेली असते, पण तिच्यात कोणी पाणी ओतून पाहिलेलं नसतं. हा आकडा बहुतेक वेळा ठोकळ्यांनी काढतात. ठोकळा 200 × 100 × 50 मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर एक लिटरचा. बांधकामाच्या विटेहून लहान. जिथे जागा सापडेल तिथे, अगदी चाकाच्या कमानीमागच्या खोबणीतसुद्धा, असे ठोकळे रचत जायचे आणि किती मावले ते मोजायचं. जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेवरून या पद्धतीला ‘व्हीडीए’ म्हणतात. आज हेच काम संगणकावरही होतं.

गोम इथेच आहे. खोबणीत ठोकळा जातो, बॅग जात नाही. 65 × 44 × 27 सेंटिमीटरची मध्यम बॅग 77 लिटरची. टाटा पंचची डिकी 366 लिटरची, म्हणजे भागाकाराने जवळपास पाच बॅगा बसायला हव्यात. आता समजा, एखाद्या लहान क्रॉसओव्हरच्या (एसयूव्हीसारख्या उंच गाडीच्या) डिकीत दोन कमानींच्या मध्ये 100 सेंटिमीटर रुंदी आहे. बॅगा उभ्या लावल्या की तीन बॅगांना 81 सेंटिमीटर लागतात. उरलेल्या 19 सेंटिमीटरमध्ये चौथी बॅग जात नाही. तिथे छत्र्या, चपलांची पिशवी, फार तर एखादी मऊ सॅक. म्हणून लिटर पाहण्याआधी टेप लावावी: कमानींमधली रुंदी, सीटच्या पाठीपर्यंतची खोली, ट्रेखालची (डिकी वरून झाकणाऱ्या फळीखालची) उंची आणि दाराच्या तोंडाची सर्वांत अरुंद जागा. बॅगही चाकं आणि मुठीसकट मोजावी. चाकांचे चार-पाच सेंटिमीटर धरायचे राहून जातात आणि मागचं दार नेमकं त्यांच्यावर अडतं.

मोजमाप कुठपर्यंत घेतलं हेही विचारायला हवं. एकच गाडी अमेरिकेत आणि युरोपात वेगळ्या आकड्याने विकली जाते. होंडा सीआर-व्हीच्या पेट्रोल मॉडेलला अमेरिकेत मागच्या सीटमागे 39.3 घनफूट जागा सांगतात, म्हणजे सुमारे 1,113 लिटर. युरोपातल्या सीआर-व्हीचा आकडा 600 लिटरच्या आसपास आहे. गाडी काही निम्मी झालेली नाही. अमेरिकी पद्धत वेगळी, आणि तिथला आकडा छतापर्यंतचा असतो. युरोपात तो बहुधा ट्रेपर्यंतच धरतात. परदेशातल्या भावाच्या गाडीशी तुलना करताना एवढं लक्षात ठेवलं तरी वाद मिटतो.

सीएनजीचं गणित याहून मजेशीर आहे. पंचच्या सीएनजी मॉडेलमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी 30 लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या बसवल्या आहेत. टाक्यांची क्षमता मिळून 60 लिटर, पण डिकी 366 वरून 210 वर आली. गेले 156 लिटर. टाकीत वायू 200 बारच्या आसपासच्या (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 200 पट) दाबाने भरतात, त्यामुळे तिची भिंत जाड असते आणि आकार गोलच ठेवावा लागतो. दोन गोलांमधल्या फटी कुणाच्याच कामाच्या नसतात. त्यावर पट्टे, वर पक्का तळ. तरी हा तळ सपाट मिळतो, हे खरं सुख. एकच मोठी टाकी आडवी पडलेल्या डिकीत बॅग सरळ उभीसुद्धा राहत नाही.

माणसांची जागा ठोकळ्यांनी मोजत नाहीत. त्यासाठी सुमारे 76 किलोचा मानवाकृती सांगाडा सीटवर बसवून त्याच्या कमरेच्या सांध्याचा बिंदू ठरवतात. त्याला एच-पॉइंट म्हणतात. सेडानपेक्षा क्रॉसओव्हर ऐसपैस वाटते, कारण तिच्यात हा बिंदू फरशीपासून वर असतो. खुर्चीवर बसल्यासारखे पाय खाली सुटतात, पुढे पसरत नाहीत, आणि तेवढीच लांबी वाचते. तिसऱ्या रांगेत हे उलटं होतं. खाली मागचं सस्पेन्शन असल्याने फरशी वर येते, गुडघे पोटाशी येतात आणि मांडीला आधार उरत नाही. अर्धा तास ठीक, घाटात मात्र जीव नकोसा होतो.

सीट आणि डिकी एकाच लांबीवर भांडतात. डिकी मीटरभर रुंद आणि ट्रेपर्यंत अर्धा मीटर उंच धरली, तर सरकणारी सीट दर सेंटिमीटरला 5 लिटर देते किंवा घेते; 10 सेंटिमीटरला 50. मारुतीच्या एक्सएल6 मध्ये सहाही सीटा उभ्या असताना 209 लिटर मिळतात, तिसरी रांग पाडली की 550. म्हणजे सहा माणसं आणि सहा माणसांचं सामान एकाच वेळी आत मावत नाही. गणपतीला गावी निघालेल्या घराला हे गेटवर कळतं.

जागा उरली म्हणून भरत सुटू नये, कारण वजनाची मर्यादा आधी येते. गाडीचं कमाल भारित वजन उणे रिकामं वजन, एवढाच भार तिला झेपतो. समजा तो 430 किलो आहे. प्रत्येकी 68 किलोची पाच माणसं 340 किलोची, सामानाला उरले 90. त्यात 25 किलोची तांदळाची दोन पोती घेतली की उरतात 40.

आता तेच सामान कुठे ठेवायचं? पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2,600 मिलिमीटर आहे आणि 90 किलो मागच्या आसाच्या 600 मिलिमीटर मागे ठेवले, तर मागच्या आसावर 90 नव्हे, जवळपास 111 किलो वाढतात आणि पुढच्या आसावरून 21 किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. डॅशबोर्डवर हेडलाइटचा झोत खाली करणारं 0 ते 3 असं चाक असेल तर ते इथे फिरवायचं. टायरमध्ये पूर्ण भाराची हवा भरायची. आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो.

जड वस्तू तळाला आणि सीटच्या पाठीला टेकवून ठेवाव्यात. मध्ये मोकळी जागा ठेवली की ब्रेकला बॅग आधी वेग घेते, मग आदळते. ताशी 50 किलोमीटरने धावणाऱ्या सामानात जेवढी ऊर्जा असते, तेवढीच ते सुमारे 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडलं तर असते. सीटची पाठ तपासण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमात म्हणूनच प्रत्येकी 18 किलोचे दोन चौकोनी ठोकळे तिच्यावर आदळवतात. ट्रेला अशी परीक्षा नाही. तो दोन दोऱ्यांवर टांगलेला असतो आणि त्यावर ठेवलेली पाण्याची बाटली सीटच्या वरून थेट पुढे येते.