आकडा, हॅक्सॉ ब्लेड आणि गुणाकाराची बेरीज

ओल्या कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं, दोन पावलं पुढे गेलो आणि मागे धाडकन आवाज झाला. लॅच लागलं. अंगात बर्म्युडा आणि बनियन, फोन आत चार्जिंगला, गॅसवर नशिबाने काही नाही. बायको एव्हाना मुलुंडच्या पुढे गेलेली. ठाण्यात, त्यातही पावसाळ्यात, हा प्रसंग ज्याच्यावर कधीच आला नाही, असा फ्लॅटधारक विरळा.

आमचं घर नौपाड्यात, पाचव्या मजल्यावर. बाल्कनीचं दार उघडं असलं की वारा आरपार वाहतो. वारा किती? ताशी १५ किलोमीटर, म्हणजे गच्चीवरचे कपडे हलतील इतकाच. पण त्याचा दाब साधारण १० पास्कल होतो, दाराचं क्षेत्रफळ जवळपास २ चौरस मीटर, म्हणजे पूर्ण दारावर २० न्यूटन जोर. दोन किलोची तांदळाची पिशवी दाराला बांधून सोडून दिल्यासारखं. लॅचची स्प्रिंग त्यापुढे काय टिकणार!

आवाज ऐकून समोरच्या काकू बाहेर आल्या. माझा अवतार बघून त्यांना सगळं समजलं. त्यांनी अंबाड्यातला एक आकडा उपसला आणि माझ्या हातात ठेवला.

"हे घे. सिनेमात उघडतात की."

मी आकडा सरळ केला, कुलपात खुपसला, वर-खाली केला. आत काहीतरी मऊसर दाबलं जात होतं आणि परत वर येत होतं. जरा जोर लावला तर आकड्याची जिलबी झाली. काकू म्हणाल्या, "थांब, वॉचमनकडे त्या चावीवाल्याचा नंबर आहे."

चावीवाले चाचा जांभळी नाक्याच्या बाजूला बसतात. स्कूटरवरून आले आणि कुलपाकडे न बघता आधी म्हणाले, "वॉचमनला वर बोलवा, साहेब. घर तुमचं आहे हे त्याच्या तोंडून ऐकू द्या." मला जरा अपमान वाटला, पण त्यांचं बरोबर होतं. सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान घरफोडीचं हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ सापडलं, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ खाली तो गुन्हा ठरतो. भर सकाळी का होईना, ज्याच्या पिशवीत रोज अशीच हत्यारं असतात, तो माणूस जपूनच राहणार.

हत्यारं म्हणजे काय, तर दोन पट्ट्या. एक हॅक्सॉ ब्लेड घासून बारीक केलेली, टोकाला किंचित वर वळलेली. दुसरी इंग्रजी एल आकाराची, गाडीच्या वायपरच्या रबरात जी पोलादी पट्टी असते ती. चाचांनी आधी दाराची फट तपासली. लॅचची जीभ तिरकी असते, त्यामुळे काही दारांत ती नुसती मागे सरकवता येते. आमच्या लॅचला त्याविरुद्ध एक छोटी राखणदार दांडी होती. मग एल पट्टी किल्लीच्या भोकात खालच्या बाजूला अडकवली, तिच्यावर एक बोट ठेवलं, ठेवलं म्हणजे जेमतेम टेकवलं, आणि दुसऱ्या पट्टीने आत चाचपायला लागले. पाच मिनिटं झाली नसतील, दार उघडलं.

मी विचारलं, "माझ्याकडून का नाही झालं?"

"तुम्ही जोर लावला. जोर लावला की पिना घट्ट बसतात. आणि तुमच्याकडे एकच तार होती."

त्या दोन वाक्यांत अख्खं शास्त्र आहे. ते मला कळायला मात्र कुलूप फोडावं लागलं. तसंही ते जुनं झालं होतं. नवीन बसवल्यावर जुन्याचं सिलिंडर मी डायनिंग टेबलावर पेपर पसरून उघडलं. आतला फिरणारा पितळी गोल बाहेर ओढला आणि टिक-टिक करत पिना पेपरवर पडल्या. केसासारख्या तारेच्या चिमुकल्या स्प्रिंगांपैकी एक उडून फ्रिजखाली गेली. उरलेला ऐवज असा: पाच भोकं, प्रत्येक भोकात दोन-दोन पिना एकावर एक, आणि वरून स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंग वरच्या पिनेला खाली ढकलते. ती पिन अर्धी गोलात, अर्धी बाहेरच्या कवचात अशी आडवी येते आणि गोल फिरत नाही. दाराला आगळ घातल्यासारखीच ही गोष्ट, फक्त आगळा पाच आणि प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी. बरोबर किल्ली घातली की तिच्या खाचा प्रत्येक जोडीला नेमकं इतकं उचलतात की दोन पिनांमधली फट गोलाच्या कडेशी जुळते. पाचही फटी एका रेषेत आल्या की गोल मोकळा.

कल्पना जुनी आहे. लाकडी खुंट्या खाली पडून अडसराला अडकवणारी कुलपं प्राचीन इजिप्तमध्ये होती. त्यांची किल्ली हातभर लांब, मोठ्या दात घासायच्या ब्रशासारखी. अमेरिकेत थोरल्या लायनस येलने १८४८ मध्ये त्याचं धातूचं रूप पेटंट केलं आणि धाकट्या लायनस येलने १८६० च्या दशकात चपटी किल्ली आणली. आज आपल्या खिशात आहे ती त्याच घराण्यातली.

आता गणित. समजा प्रत्येक पिनेच्या सहा उंच्या असू शकतात. पाच पिना, म्हणजे ६ गुणिले ६ असं पाच वेळा, ७,७७६ वेगळ्या किल्ल्या. एकेक घालून बघायची ठरवली तर दिवस जाईल. मग चाचांना पाच मिनिटं कशी पुरली?

कारण ती पाच भोकं एका सरळ रेषेत नसतात. असायला हवीत, पण कारखान्यातलं ड्रिल मशीन कितीही चांगलं असलं तरी मिलिमीटरचे काही शतांश इकडे-तिकडे होतंच. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण तेवढं पुरतं. एल पट्टीने गोलाला हलकासा पीळ दिला की पाचही पिना एकदम अडत नाहीत. जिचं भोक सगळ्यात जास्त सरकलेलं, ती एकटी आधी अडते. बाकीच्या चार स्प्रिंगवर मजेत नाचत असतात. त्या अडलेल्या पिनेला वर सारलं की तिची फट रेषेवर येते, गोल किंचित, अगदी किंचित फिरतो आणि वरची पिन त्या नव्या कडेवर टेकून राहते. परत खाली येत नाही. मग पुढची पिन अडते. एकेक करत पाच.

म्हणजे सहाच्या गुणाकाराची बेरीज झाली. ७,७७६ च्या जागी ६ अधिक ६ अधिक ६, पाच वेळा, ३०. मला स्वतःला या विषयात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. तुमचा सहा अंकी ओटीपी घ्या. तो १० लाखांतला एक असतो. पण समजा बँकेचं ॲप प्रत्येक अंकाला "हा बरोबर, पुढचा टाका" असं सांगायला लागलं, तर जास्तीत जास्त ६० प्रयत्नांत कोणीही तो ओळखेल. कुलूप तेच करतं. फक्त ते सांगतं बोटाला.

हे १८५१ मध्ये लंडनमध्ये जगजाहीर झालं. जोसेफ ब्रामा याने १७८४ मध्ये पेटंट घेतलेलं कुलूप त्याच्या पिकॅडिलीच्या दुकानात आव्हानासकट मांडलेलं होतं: उघडा आणि २०० गिनी न्या. साठ वर्षं कोणाला जमलं नाही. महाप्रदर्शनासाठी अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या कुलूपवाल्याने आधी तिथलं दुसरं नावाजलेलं चब कुलूप २५ मिनिटांत उघडलं. मग ब्रामाच्या कुलपाला हात घातला. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण उघडलं. इंग्रजांची झोप उडाली. गंमत अशी की चबच्या कुलपात चोर ओळखायची सोय होती: कोणी आतला खटका गरजेपेक्षा वर उचलला की कुलूप अडून बसायचं आणि मालकाला कळायचं. पण अडून बसणं हीसुद्धा एक माहितीच! किती उचललं की जास्त होतं, ते कुलपानेच हॉब्जला सांगितलं.

आपल्याकडे अर्देशीर गोदरेज वकिली सोडून १८९७ मध्ये लालबागला कुलपं बनवायला लागले. पुढे त्या कारखान्याचं 'नवताल' घराघरांत पोचलं. ते पिनांचं नव्हे, लिव्हरचं, म्हणजे आत पट्ट्यांची चवड असलेलं. जात वेगळी, पण फट तिथेही असतेच.

परत चाचांच्या बोटाकडे. पीळ जास्त दिला तर काय बिघडतं? घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं. जोरात पिळलं की पिना भोकांच्या भिंतींना आवळल्या जातात, एकीऐवजी तीन-चार अडतात, आणि कोणती आधी अडली हे कळेनासं होतं. सगळे एकदम बोलले की कोणाचंच ऐकू येत नाही, तसं. शिवाय वाटतं तितकं बोट बोथट नाही. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की पृष्ठभागावरून बोट फिरवताना माणसाला १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्यासुद्धा जाणवतात. केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग! त्वचेत खोलवर कंपनं टिपणाऱ्या पॅसिनीच्या कणिका असतात. सेकंदाला २०० ते ३०० कंपनांच्या आसपास त्या सगळ्यात तल्लख. पिन रेषेवर बसते तेव्हाचा बारीक टिक पट्टीतून बोटापर्यंत येतो, आणि मेंदू तो बोटापाशी नव्हे, पट्टीच्या टोकापाशी झाला असं मानतो. अंध माणसाला काठीच्या टोकाशी फूटपाथ लागतो, तसंच.

मग आकडा का वाकला आणि ब्लेडची पट्टी का नाही? मला वाटायचं, कडक पोलाद जास्त ताठ असतं. तसं नाही. साधं लोखंडी तारेचं पोलाद आणि स्प्रिंगचं पोलाद, दोघांचा ताठपणा जवळपास सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल. सारख्या जाडीच्या पट्ट्या सारख्या जोराला सारख्याच झुकतात. फरक पडतो तो सोडून दिल्यावर. साधं पोलाद साधारण २५० मेगापास्कल ताणाच्या पुढे गेलं की वाकलेलंच राहतं. स्प्रिंगचं पोलाद १,००० च्या पुढेही जागेवर परत येतं. किल्लीच्या भोकात जागा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, म्हणून पट्टी बारीकच हवी, आणि पट्टीची जाडी निम्मी केली की ताठपणा आठवा हिस्सा उरतो. अशा जागी वाकून परत सरळ होणारा धातूच कामाचा. म्हणून या धंद्यात वायपरची पट्टी, छत्रीची काडी, जुनं हॅक्सॉ ब्लेड यांना भाव. ब्लेड घासताना मध्ये मध्ये पाण्यात बुडवावं लागतं, असं चाचा म्हणाले. फार तापलं की पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो, मग ते आकड्याच्याच लायकीचं.

कुलूपवालेही गप्प बसलेले नाहीत. चांगल्या सिलिंडरमध्ये काही पिना दोऱ्याच्या रिळासारख्या, मध्ये बारीक केलेल्या असतात. पीळ देऊन उचललं की रिळाची कंबर कडेत अडकते, गोल थोडा फिरतो, उघडल्याचा भास होतो आणि तिथेच सगळं ठप्प. म्हणजे कुलूप आता खोटं बोलायला शिकलं. माझ्या जुन्या कुलपात एकही रीळ नव्हतं, पाचही पिना सरळसोट. चाचांनी नव्या कुलपाच्या वेळी एवढंच सांगितलं की बाहेर जाताना किल्ली फिरवून दांडा टाका, लॅचवर सोडू नका. आणि खोबरेल घालू नका. ते खरंच वाईट: धूळ धरतं, आणि २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरातल्या पहाटे येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांच्या बाटल्यांत बघावं. त्यापेक्षा शिसपेन्सिलीची पूड बरी. ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात आणि कुलपाला चिकट काही लागत नाही.

दोन दिवसांनी काकूंनी बेल वाजवली.

"माझा आकडा?"

मी त्यांना ती जिलबी दाखवली आणि नवीन पाकीट आणून देतो म्हटलं. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, दाराच्या फटीत धरून सरळ केली, दोन्ही टोकं बोटांनी वळवली आणि अंबाड्यात खोचली. साधं पोलाद हवं तसं वाकतं आणि वाकवलं तिथेच राहतं. शिवाय दर वाकवण्यात थोडं कडकही होत जातं.

"घट्ट बसतोय की आता," काकू म्हणाल्या.