‘मले येत नाही’ म्हणणारं मूल आणि दोन सेकंदांची स्मृती

सराव पाठ सुरू झाले की नागपूरच्या प्राथमिक शाळांत डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या पदविकेचे छात्राध्यापक पाठांच्या टाचणवह्या घेऊन येतात. त्यांच्या निरीक्षण नोंदींत एक शेरा हमखास असतो : ‘भाषा कच्ची’. तो कुणाला मिळतो? ‘मले येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला, शाळेला ‘शाया’ म्हणणाऱ्या मुलीला, देवलापारकडून आलेल्या नि घरी गोंडी बोलणाऱ्याला, कामठीतल्या उर्दूभाषक मुलीला. आणि त्याच रांगेत अशा एखाद्यालाही, ज्याचं वाक्य कुठल्याच भाषेत नीट पुरं होत नाही. पहिल्या चौघांना शाळेची मराठी कानावर पडत राहिली की येते. पाचव्याला निराळी मदत लागते, पण शेरा एकच असल्यामुळे तो कुणाच्या लक्षातच येत नाही.

नागपुरी बोलीत ‘करतो आहे’च्या जागी ‘करून राहिला’ येतं. ‘जाऊन राहिला’, ‘खाऊन राहिला’, सगळ्या क्रियापदांना हाच नियम. जे मूल हा नियम चुकल्याशिवाय पाळतं, त्याची भाषा शिकण्याची क्षमता ठणठणीत असते. पाचव्याचं दुखणं वेगळं आहे. त्याला विकासात्मक भाषा विकार म्हणतात. कान चांगले, घरात बोलणारी माणसं भरपूर, दुसरा कुठला आजार नाही, तरी भाषा अंगात मुरत नाही. इंग्लंडमधल्या मोठ्या पाहणीत पहिलीच्या वयाच्या सुमारे ७ टक्के मुलांत हा विकार आढळला. तेच प्रमाण धरलं तर तीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुलं निघतील.

ही मुलं ओळखायची कशी, याचा एक सुंदर धागा स्मृतीच्या संशोधनात आहे. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची कल्पना मांडली. ऐकलेला आवाज तिच्या एका भागात थोडा वेळ टिकतो आणि आपण तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून जिवंत ठेवतो. तसं न केल्यास तो साधारण दोन सेकंदांत विरतो. म्हणून जेवढे शब्द दोन सेकंदांत म्हणता येतात, जवळजवळ तेवढेच लक्षात राहतात. वेल्श भाषेतले आकडे म्हणायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो. १९८० मध्ये दोन्ही भाषा येणाऱ्यांची चाचणी घेतली, तेव्हा त्यांना वेल्शमध्ये कमी आकडे लक्षात ठेवता आले. माणसं तीच, मेंदू तोच. फरक फक्त उच्चाराला लागणाऱ्या वेळाचा.

आता ‘बाष्पीभवन’ हा शब्द पहिल्यांदा ऐकणारं मूल घ्या. अर्थ जुळेपर्यंत त्याला ते अनोळखी ध्वनी त्याच क्रमानं धरून ठेवावे लागतात. ही पकड कमजोर असेल तर शब्दाची शेपटी सुटते. मग तो शब्द दहा वेळा ऐकला तरी दर वेळी नवाच वाटतो. सुसान गॅदरकोल आणि बॅडली यांनी १९९० मध्ये भाषा विकार असलेल्या मुलांना निरर्थक शब्द ऐकवून तसेच म्हणायला सांगितले. लहान शब्द त्यांना बऱ्यापैकी जमले, तीन-चार अक्षरांचे होताच ती मुलं कोलमडली. शब्द निरर्थक असण्यातच खरी युक्ती आहे. खरा शब्द आधी ऐकलेला असेल तर ओळख मदतीला धावते आणि घरी वेगळी भाषा असलेलं मूल उगाच मागे पडतं. ‘निदोमाटू’ मात्र कुणाच्याच घरी बोलत नाहीत. शब्द बनवताना ळ टाळावा, कारण वऱ्हाडी-नागपुरी तोंडात तो सहज य होतो. जोडाक्षरंही टाळावीत. एवढं सांभाळलं तरी मिळतो तो फक्त इशारा. निदान वाचा-भाषातज्ज्ञच करतील, तेही आधी कान तपासून.

याच्या जोडीला एक साधा प्रश्न आईला विचारावा : घरच्या भाषेत हा कसा बोलतो? गोंडीत धडाधड गोष्ट सांगणाऱ्या मुलाला विकार नसतो. खरा विकार दोन्ही भाषांत दिसतो. ‘घरी गोंडी बंद करा’ हा शिक्षकांकडून अजूनही दिला जाणारा सल्ला त्यामुळे निराधार आहे, आणि मुलाचं आजीशी बोलणं तोडणारा म्हणून क्रूरही. बोलणं सुधारावं म्हणून मधात वेखंड उगाळून चाटवण्यानंही काही साधत नाही. त्यातल्या बीटा-असारोनमुळे अमेरिकेनं १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंडाला बंदी घातली आहे. मेंदू जागा करतो असं सांगून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे ‘मिडब्रेन’ वर्ग ही तर पालकांच्या काळजीवर चाललेली निव्वळ लूट आहे.

कायद्याकडून लगेच मदत मिळेल असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे, पण व्याख्येतली उदाहरणं स्वरयंत्र काढणं आणि मेंदूच्या इजेमुळे भाषा जाणं ही आहेत. आपल्या पाचव्या मुलाला तिथे सहज जागा नाही. त्याला प्रमाणपत्र मिळो न मिळो, वर्गात तो उद्या सकाळीही येणारच आहे.

म्हणून छात्राध्यापकाच्या टाचणात या दोन सेकंदांसाठी जागा हवी. ‘वही काढा, तारीख टाका, पान ४२ उघडा आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहा’ ही एका दमात दिलेली सूचना चार तुकड्यांत द्यावी. नवा शब्द फळ्यावर लिहावा, टाळ्यांवर तोडून म्हणून घ्यावा, त्याच आठवड्यात वेगवेगळ्या वाक्यांतून पुन्हा आणावा. मूल ‘मले पाणी पाह्यजे’ म्हणालं तर ‘तुला पाणी पाहिजे? घे’ एवढंच म्हणावं. त्यात शाळेचं रूपही कानावर पडतं आणि पाणीही मिळतं. आणि थांबावं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात. ती वेळ तीन सेकंदांवर नेली तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद उभं राहणं नव्या शिक्षकाला फार अवघड जातं, कारण मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असतात आणि शांतता म्हणजे पाठ फसला असं वाटतं. अध्यापक विद्यालयांनी प्रत्येकाला आपला एक पाठ मोबाइलवर रेकॉर्ड करायला लावावा, ही थांबण्याची वेळ घड्याळ लावून मोजून घ्यावी आणि सराव पाठाचे काही गुण त्यालाच द्यावेत.