दीर्घ डीएनए रेणूंचे चिन्हांकन व क्रमनिर्धारण

लांब डीएनए रेणू न तोडता पेशीतून काढून त्यांवरील ठरावीक जागा फ्लुरोसंट रंगाने दाखविणे (चिन्हांकन) व त्यांचे बेस सलग वाचणे (क्रमनिर्धारण) ही परस्परपूरक तंत्रे. लांबीची किमान मर्यादा सर्वमान्य नाही, चिन्हांकनासाठी सु. दीड लाख बेस-जोड्यांखालील रेणू सहसा गाळतात. दहा लाख जोड्यांचा रेणू सरळ ताणल्यास ०·३४ मिमी. भरतो.

तंत्राचा आरंभ काही जण श्वार्ट्झ व कँटर यांच्या १९८४ च्या स्पंदित-क्षेत्र विद्युत्संचारणापासून (दिशा बदलत्या विद्युत्क्षेत्रात जेलमधून रेणू सरकविण्याची रीत) धरतात. मात्र त्यात रेणू केवळ लांबीनुसार वेगळे होत. श्वार्ट्झ व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये यीस्टच्या गुणसूत्रांचे ऑप्टिकल मॅपिंग (सूक्ष्मदर्शकाखाली रेणूवरील जागांचा नकाशा) केले, तेव्हाही रेणूवर दिसे तो विकराने केलेला काप, रंगाचे चिन्ह नव्हे. एकाच धाग्याला खाच पाडून तेथे रंगीत न्यूक्लिओटाइड बसविण्याची रीत २००७ च्या सुमारास आणि नॅनोवाहिन्यांतील (रेणू सरळ ठेवणाऱ्या अतिअरुंद खोबणींतील) मापन २०१२ पर्यंत स्थिरावले. त्यामुळे खऱ्या अर्थाने चिन्हांकन याच काळातले मानणे अधिक सयुक्तिक. नॅनोछिद्र-वाचनाची (अतिसूक्ष्म छिद्रातून धागा सरकताना विद्युत्प्रवाहात होणाऱ्या बदलांवरून बेस ओळखण्याची) कल्पना अमेरिकन संशोधक डीमर यांच्या १९८९ च्या टिपणात आढळते. संशोधक जॉर्ज चर्च यांचेही नाव घेतले जाते. छापील पुरावा १९९६ चा आहे; त्यात धागा छिद्रातून जातो एवढेच सिद्ध झाले होते, बेस वाचले गेले नव्हते. हातात मावणारे यंत्र २०१४ मध्ये संशोधकांना मिळू लागले.

खाच-पद्धतीत समोरासमोरच्या धाग्यांवर दोन खाचा जवळजवळ पडल्या की रेणू तिथेच तुटतो आणि नकाशा दरवेळी त्याच जागी खंडित होतो. सीटीटीएएजी हा क्रम ओळखून न कापता रंग जोडणाऱ्या विकराने ही अडचण दूर झाली. रेणूचा कणा (पूर्ण लांबी) दाखविणारा रंग जास्त झाला तर रेणू लांबतो व अंतरे चुकतात. शिवाय रंगवलेला रेणू उजेडात तुटतो.

नॅनोछिद्र-क्रमनिर्धारणाच्या प्रचलित बंधन-पद्धतीत १ मायक्रोग्रॅम डीएनए घेतात. टोके दुरुस्त करताना २०° से. व ६५° से. वर पाच-पाच मिनिटे ठेवतात, नंतर सामान्य तापमानाला दहा मिनिटांत अडॅप्टर (रेणूच्या टोकाला लावायचा लहान डीएनए-तुकडा) जोडतात. यानंतरच्या चुंबकीय मण्यांच्या धुलाईत अल्कोहोल चालत नाही. त्याने अडॅप्टरवरील चालक प्रथिन (धागा छिद्रातून सरकविणारे) निकामी होते. वजन पुरेसे असूनही वाचने कमी येणे ही नेहमीची तक्रार. १ मायक्रोग्रॅममध्ये दहा हजार जोड्यांचे सु. १५० फेमटोमोल रेणू असतात, लाख जोड्यांचे जेमतेम १५; म्हणजे अडॅप्टर जोडायला टोकेच कमी. गुंतलेले रेणू छिद्रे बुजवतात, तेव्हा डीएनए-भंजक विकराने धुऊन पुन्हा भरावे लागते. भरताना हवेचा बुडबुडा गेल्यास छिद्रे धरून ठेवणारे पटल फाटते व छिद्रे कायमची जातात. सेकंदाला सु. ४०० बेस या वेगाने दहा लाख बेसांना चाळीसेक मिनिटे लागतात.

निष्कर्षणात रुंद तोंडाची टिप वापरतात. व्होर्टेक्स (यंत्राने जोरात घुसळणे) व वारंवार गोठवणे वर्ज्य. चिकट द्रावण एकजीव व्हायला निदान एक रात्र लागते, म्हणून संहती वरून, मधून व खालून मोजावी. २६०/२८० गुणोत्तर (त्या नॅनोमीटर तरंगलांब्यांवरील प्रकाशशोषणाचे, शुद्धता दाखविणारे) १·८ च्या आसपास असले तरी २६०/२३० दोनच्या बरेच खाली असेल तर नमुना बाद समजावा.

नागपुरातील कापूस, लिंबूवर्गीय फळे व पर्यावरण या विषयांच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थांशी निगडित सामग्री या दृष्टीने बोलकी आहे. अमेरिकन कापसाची ५२ गुणसूत्रे ए व डी या एकमेकांसारख्या उपसंचांची असल्याने तोकडी वाचने कोणत्या उपसंचातली हे ठरत नाही. पानांतील पॉलिफेनॉल डीएनए तपकिरी करतात. त्यावर कोवळी पाने, पीव्हीपी (पॉलिफेनॉल बांधून ठेवणारे बहुवारिक) व बीटा-मर्कॅप्टोइथॅनॉल (ऑक्सिडीकरण रोखणारे रसायन) हा उपाय. आधी केंद्रके वेगळी केल्यास उत्तम. संत्र्याची १८ गुणसूत्रे असून जनुकसंचही लहान. सांडपाण्याच्या गाळातील जिवाणूंची भित्ती मण्यांनी फोडली तर डीएनएचे तुकडे होतात. लायसोझाइमने हळुवार फोडली तर जाड भित्तीचे जिवाणू वाचनांत कमी दिसतात.