साउथ डकोटाचा फेझंट आणि 'वाइल्ड' या शब्दाचा घोळ: पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या शेतांवर गाइड घेऊन करायच्या फेझंटच्या (कोंबडीच्या कुळातला, लांब शेपटीचा पक्षी) शिकारीच्या जाहिराती बघितल्या तर एक शब्द हमखास दिसतो, 'वाइल्ड'. लांबून विमानाने येऊन पैसे मोजणाऱ्या माणसाला रानात वाढलेला पक्षी हवा असतो, म्हणून जाहिरातीत तो शब्द सगळ्यात आधी येतो. पण तो नक्की कुठल्या पक्ष्याला लावायचा यावर तिकडे बरीच वर्षं वाद चाललाय, आणि माझ्या मते तो वाद पक्ष्यापेक्षा गवताचा जास्त आहे.

मूळ म्हणाल तर हा पक्षी तिथला नाहीच. शांघायमधल्या अमेरिकन कॉन्सुल जनरलने १८८१ मध्ये चिनी फेझंट ओरेगनला धाडले, ती खेप बहुतेक वाटेतच मेली, १८८२ ची विलामेट खोऱ्यात रुजली. साउथ डकोटात १९०८ च्या सुमाराला स्पिंक काउंटीत रेडफिल्डजवळ शेतकऱ्यांनी सोडलेले पक्षी टिकले, मग राज्यानेही आणून सोडले, आणि ३० ऑक्टोबर १९१९ ला फक्त एका दिवसाचा पहिला सीझन झाला, माणशी दोन नर. त्या दिवशी साधारण २०० पक्षी पडले. १९४३ मध्ये हाच राज्यपक्षी झाला. म्हणजे 'वाइल्ड' म्हणताना तिथला मूळचा असं कोणीच म्हणत नसतं. अंडं रानात फुटलं, पिल्लू रानात वाढलं, हिवाळा स्वतःच्या जोरावर काढला, एवढाच अर्थ.

आणि हे सगळं व्हायला गवत लागतं. मादी जमिनीवरच घरटं करते, दहा-बारा अंडी घालते, साधारण २३ दिवस उबवते आणि जूनमध्ये पिल्लं बाहेर येतात. पहिले काही आठवडे पिल्लांचं पोट किड्यांवर चालतं. त्याच दिवसांत चाऱ्यासाठी गवत कापायचं मशीन फिरलं की घरटं गेलं, बऱ्याचदा मादीही जाते कारण ती शेवटपर्यंत उठत नाही. फेझंटचा चढउतार समजायचा तर त्या त्या काळात किती जमीन नांगराबाहेर पडून होती ते बघायचं, बाकी गोष्टी नंतर.

१९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी लोक शेतं सोडून गेले, तिथे तण माजलं, आणि १९४५ च्या आसपास राज्यात अंदाजे १ कोटी ६० लाख फेझंट होते. महायुद्धाच्या काळात अबर्डीन स्टेशनवर गाडी थांबली की सैनिकांना फेझंटची सँडविच मिळायची, इतका तो पक्षी मुबलक होता. १९५६ मध्ये सरकारने पैसे देऊन जमिनी पडीक ठेवायला लावल्या, साठीच्या सुरुवातीला आकडा परत १ कोटीपर्यंत गेला, ते करार संपले, जमिनी नांगरल्या गेल्या, आणि सत्तरीच्या मध्यावर २० लाखांच्याही खाली आला. हे चक्र एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं आहे.

खरी गोष्ट १९८५ च्या शेती कायद्यापासून सुरू होते. त्यात सीआरपी, म्हणजे 'कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम' ही योजना आली. धूप होणारी जमीन शेतकऱ्याने १० ते १५ वर्षं पिकाबाहेर ठेवायची, तिथे गवत लावायचं, बदल्यात केंद्र सरकार एकरी भाडं देणार. हेतू मातीचा होता आणि धान्याचे पडलेले भाव सावरायचा होता, पण फायदा फेझंटला झाला. २००७ मध्ये साउथ डकोटात शिकारीच्या आधीचा अंदाज जवळपास १ कोटी १९ लाखांचा होता, म्हणजे चाळीसेक वर्षांतला सगळ्यात मोठा, आणि त्या वर्षी २० लाखांवर नर मारले गेले.

गायडेड शिकारीचा धंदा फोफावला तो याच वीस-बावीस वर्षांत. आधी काय व्हायचं, तर बाहेरून आलेला माणूस शेतकऱ्याच्या दारावर जाऊन परवानगी मागायचा, ती बहुतेकदा मिळायची, फार तर जाताना काहीतरी भेट ठेवायची. मग शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की ज्या कोपऱ्यात मका धड येत नाही तोच कोपरा ऑक्टोबरमध्ये मक्यापेक्षा जास्त देतो. धान्य साठवायच्या शेडचं लॉज झालं, घरातली बाई स्वयंपाक बघायला लागली, मुलगा कुत्री घेऊन गाइड झाला. २००० नंतर तर बाहेरच्या राज्यांतले फेझंट शिकारी स्थानिकांपेक्षा जास्त झाले. स्थानिक माणसाला याचा राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे, कारण ज्या शेतात त्याचा आजा नुसता विचारून जायचा तिथे आता आगाऊ बुकिंग लागतं. त्याच्या हातात उरतात सरकारी जमिनी, शेतकऱ्याला सरकारने पैसे देऊन खुली केलेली शेतं, आणि रस्त्याच्या कडेची चरं. तिथे प्रत्येक सेक्शनच्या (एक चौरस मैलाचा तुकडा) सीमेवर ६६ फूट रुंदीची सार्वजनिक वाट कायद्याने धरलेली आहे, त्यामुळे ठराविक अंतरं पाळून रस्त्याकडेला शिकार चालते.

ही शिकार चालते कशी हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना पटकन कळेल, कारण ती सरळसरळ हाक्याची शिकार आहे. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा शब्दच वापरातून गेला.) अर्धे लोक ओळीने पिकाच्या पट्ट्यातून चालत रान उठवतात, अर्धे पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उभे राहतात, त्यांना ब्लॉकर म्हणतात. फेझंट उडण्याआधी पळतो, पट्टा संपला की मग एकदम धडधडत वर येतो, आणि गाइड ओरडतो 'रूस्टर' किंवा 'हेन'. हेन म्हटलं की बंदुका खाली, कारण फक्त नर मारायचा. एका नरामागे बऱ्याच माद्या असतात त्यामुळे नर कमी झाले तरी पुढच्या पिढीला फारसा धक्का बसत नाही. साफ केलेल्या पक्ष्याचा एक पाय किंवा डोकं किंवा पिसांसकट पंख ठेवावा लागतो तो पण याचसाठी, नर होता हे दाखवता यावं म्हणून. आणि हे पट्टे कशाचे, तर मक्याचे आणि मायलोचे. मायलो म्हणजे ज्वारीच, बुटकी, लालसर दाण्याची, कणसं न कापता बर्फातही तशीच उभी ठेवलेली, पक्ष्यांना खायला आणि लपायला. माणसाच्या पोटात जाणारी आपली ज्वारी तिकडे फेझंटसाठी पेरतात हे वाचलं तेव्हा मी जरा थांबलोच.

आता तो शब्द. कायद्याने रानातला पक्षी जमीनमालकाचा नसतो, तो जनतेचा, म्हणजे राज्याच्या ताब्यातला. मालक विकतो ते फक्त आत येणं, सोबत गाइड, कुत्री, जेवण, खोली. सामान्य सीझन ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि दिवसाला ३ नर ही मर्यादा. पण दुसऱ्या बाजूला 'प्रिझर्व्ह' नावाची सोय आहे, लायसन्स घेतलेली खासगी जमीन, तिथे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडतात आणि शिकार १ सप्टेंबरपासून ३१ मार्चपर्यंत चालते. दोन्ही कायदेशीर, दोन्ही शेजारी शेजारी, मध्ये कुंपण नाही. सोडलेला पक्षी उडून शेजाऱ्याच्या गवतात जातो, रानातला पक्षी प्रिझर्व्हच्या ज्वारीत येतो. मग जाहिरातीत 'वाइल्ड' लिहिलं की त्याचा अर्थ तिघांपैकी काहीही असू शकतो. एक, खरोखर गवतात जन्मलेला. दोन, पिल्लू असताना ऑगस्टमध्ये सोडलेला, ज्याला ते 'अर्ली रिलीज' म्हणतात, ऑक्टोबरपर्यंत तो उडायला पळायला बऱ्यापैकी तयार होतो. तीन, त्याच आठवड्यात, कधी कधी त्याच सकाळी सोडलेला.

ओळखायचं कसं यावर जुने शिकारी एक खूण सांगतात. पिंजऱ्यात पक्षी एकमेकांना टोचू नयेत म्हणून चोचीवर प्लास्टिकची छोटी झापडं बसवतात, त्याची पिन नाकपुडीतून आरपार जाते. झापडं काढली तरी नाकपुडीचं भोक मोठं राहतं. हातात आलेला नर उजेडाकडे धरायचा, एका नाकपुडीतून बघितलं की पलीकडचा उजेड दिसतो. शेपटीची पिसं जाळीला घासून झिजलेली असतील तर तेही लक्षण. पण लहानपणीच सोडलेल्याला झापडं बसलेलीच नसतात, म्हणजे दुसऱ्या प्रकाराला ही खूण लागू पडत नाही, आणि घोळ आहे तो नेमका दुसऱ्या प्रकाराचाच.

प्रिझर्व्हवाल्यांचं म्हणणं असं की आम्ही झाडांच्या रांगा लावतो, ज्वारी उभी ठेवतो, ओल्या जागा शाबूत ठेवतो, त्यावर रानातले पक्षीही जगतात, आणि आमच्याकडचा पाहुणा सोडलेले पक्षी मारतो तेवढे रानातले वाचतात. यात तथ्य आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला जास्त पटतं. सोडलेल्या पक्ष्यांतले फारच थोडे वसंतापर्यंत टिकतात, कोल्हे, रकून आणि ससाणे त्यांना उचलतात, म्हणजे पुढच्या वर्षी परत विकत आणायचे. पक्षी विकत मिळतो म्हटल्यावर गवत राखायचं कारण तेवढं कमी होतं. आणि ज्या शेतकऱ्याने खरंच पाचपन्नास एकर गवत पोटाला चिमटा काढून राखलंय त्याच्या शब्दाला काही किंमत राहत नाही, कारण शेजारचाही तोच शब्द लिहितो.

हा वाद चिघळला तो गवत जायला लागलं तेव्हा. २००५ आणि २००७ च्या इंधन कायद्यांनी पेट्रोलमध्ये मक्यापासून बनणारं इथेनॉल मिसळणं वाढवलं, मक्याचा भाव चढत चढत २०१२ च्या दुष्काळात बुशेलला (साधारण २५ किलोला) ८ डॉलरच्या वर गेला, त्यापुढे सीआरपीचं भाडं काहीच नव्हतं. करार संपले तसे लोकांनी नांगर घातला. २००६ ते २०११ या काळात आसपासच्या पाच राज्यांत मिळून १३ लाख एकरांवर गवताळ जमीन मका-सोयाबीनखाली गेली. २०१३ च्या उन्हाळ्यातल्या मोजणीत फेझंटचा निर्देशांक एका वर्षात ६४ टक्क्यांनी पडला. राज्य हादरलं, डिसेंबरमध्ये हुरॉन शहरात अधिवासावर खास बैठक बोलावली गेली. २०१७ ला परत दुष्काळ, परत ४५ टक्के घट. २०१९ मध्ये घरटी फोडणाऱ्या प्राण्यांच्या शेपटीमागे १० डॉलर द्यायला सुरुवात झाली, सापळे वाटले गेले. पण गवताचे पट्टे अरुंद झाले की रकूनला घरटं शोधणं सोपं जातं, त्यामुळे शेपट्या मोजून किती फरक पडणार यावर तेव्हापासून वाद आहे.

आणि मग २०२० मध्ये मोजणीच बंद करायचं ठरलं. १९४९ पासून दर उन्हाळ्यात ठरलेल्या ११० मार्गांवर पहाटे ३० मैल गाडी हळू चालवत पिल्लांचे कळप मोजायचे, त्यावरून ते आकडे यायचे. कारण असं दिलं गेलं की आकडा पडला की बातमी होते आणि बाहेरचे शिकारी यायचे थांबतात, मोटेलवाल्यांपासून पंपवाल्यांपर्यंत सगळ्यांचं नुकसान. त्याच वर्षी सीझन ३१ जानेवारीपर्यंत लांबवला आणि सुरुवातीची दुपारची १२ ची वेळ सकाळी १० वर आणली. नंतरच्या वर्षांत मारल्या गेलेल्या नरांचा अंदाज १० लाखांच्या वर राहिलाय हे खरं, पण तो शिकाऱ्यांना विचारून काढलेला अंदाज असतो, सीझन संपल्यावरचा. बुकिंग करणाऱ्या माणसाकडे पूर्वी निदान ऑगस्टमध्ये एक तटस्थ आकडा असायचा, यंदा त्या भागात रानात पिल्लं आहेत की नाहीत हे कळायचं. तो गेल्यावर त्याच्याकडे राहिला फक्त जाहिरातीतला शब्द.

सीआरपीची देशभरची कमाल मर्यादा २००२ च्या कायद्यात ३ कोटी ९२ लाख एकर होती, २०१४ च्या कायद्याने ती २ कोटी ४० लाखांवर आणली, २०१८ च्या कायद्याने २ कोटी ७० लाखांपर्यंत परत वाढवली. प्रत्येक करार संपताना शेतकऱ्यापुढे तेच दोन आकडे असतात, एकरी भाडं आणि त्या दिवशीचा मक्याचा भाव. लॉज चालवणारे काही जण आता तिसरा आकडा त्यात धरतात, त्या तुकड्यावर शिकारीतून काय येतं तो, आणि गवत तसंच ठेवतात.